कृष्णाकांठची ख्रिस्ती मंडळी

‘सातासमुद्रांपलीकडे’ असें आपण म्हणतों तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें लंडन, न्यूयॉर्क, बोस्टन अशीं शहरें उभीं राहतात. परंतु बोस्टन येथील एका धर्मसंस्थेच्या कचेरींत एकोणिसाव्या शतकांत जे चिटणीस बसत असत, त्यांच्या दृष्टीनें सातासमुद्रांपलीकडचा मुलूख म्हणजे आपलें महाबळेश्वर, आपली वाई आणि आपलें सातारा. तेथून येणारीं पत्रें, हिशेब, पैशाच्या मागण्या आणि मधून मधून मृत्यूच्या वार्ता ते वाचीत. आणि ‘तेथील आपली लहानशी मंडळी तग धरील कीं नाहीं?’ ही त्यांची नित्याची काळजी असे. परक्यांच्या नजरेनें आपलें घर पाहण्याचा योग क्वचित् येतो. म्हणून ही हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

ख्रिस्ती लोक एका ठिकाणच्या आपल्या उपासकसमुदायास ‘मंडळी’ म्हणतात. आपल्याकडे हाच शब्द घरच्या माणसांसाठीं योजतात. ‘मंडळी जेवावयास बसली’ असें म्हणतांना आपल्या मनांत जो जिव्हाळा असतो, तोच त्या समुदायांतहि असावा, अशी हा शब्द योजणारांची इच्छा असली पाहिजे. परंतु घर म्हटलें कीं कर्ता माणूस आला, जमाखर्च आला, आणि रोजच्या समईंत तेल कोणी घालावयाचें हा प्रश्नहि आला. कृष्णाकांठच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत हा शेवटचा प्रश्नच सर्वांत बिकट ठरला. त्याचें उत्तर शोधतांना परदेशी मिशनऱ्यांस जो अनुभव आला तो, धर्ममतांचा वाद क्षणभर बाजूस ठेवून पाहिला, तर आपणांसहि विचार करावयास लावील असा आहे.

मिशनऱ्यांविषयीं आपल्या घरांतून दोन तऱ्हांचीं बोलणीं ऐकूं येत. ओटीवर बसणाऱ्या वडील माणसांच्या तोंडीं त्यांच्याबद्दल तिरस्काराचा शब्द असे. कारण ज्या घरचा मुलगा धर्मांतर करून गेला, त्या घरीं तो जिवंत असतां त्याच्या नांवानें पाणी सोडण्याचा प्रसंग आलेला असे. उलट त्याच घरांतील आजींच्या डोळ्यावरचा मोतीबिंदु मिरजेच्या इस्पितळांत काढला गेला म्हणजे माजघरांतून त्याच मिशनऱ्यास तोंड भरून आशीर्वाद मिळे. ओटीचें दुःख खरें होतें आणि माजघराची कृतज्ञताहि खरी होती. एकाच घरांत तीं दोन्ही कां नांदलीं, हें पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन तरुण १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. कंपनी सरकारास त्या वेळीं मिशनरी नको होते. धर्मवादाची ठिणगी पडून व्यापारास व राज्यास धोका पोहोंचेल अशी त्यास धास्ती होती. दोघांनाहि परत जाण्याचा हुकूम झाला आणि पुष्कळ खटपटीअंतींच त्यांस येथें राहतां आलें. हॉल यांना पुढें १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस प्रवासांत असतां पटकीनें गांठलें, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. अमेरिकन मराठी मिशनाचा पाया असा घातला गेला. १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें बसलें. तें बसविणारांपैकीं ॲलन ग्रेव्ह्ज हे प्रकृति खालावल्यामुळें थंड हवेसाठीं महाबळेश्वरीं येऊन राहिले, आणि १८४३ सालीं तेथेंच वारले. कृष्णामाईचा जेथें उगम, तेथूनच या मंडळीच्या दक्षिणेकडील हकीकतीलाहि आरंभ होतो, हा एक योगायोगच म्हणावयाचा. ग्रेव्ह्ज यांच्या पत्नी पतीच्या मागें मायदेशीं निघून गेल्या नाहींत. मुलींना चार अक्षरें शिकविण्याचें काम त्यांनीं याच भागांत पुढें चालविलें.

१८४८ सालीं छत्रपति शहाजीराजे वारले आणि सातारचें राज्य खालसा झालें. त्यानंतर लौकरच सातारा शहरांत मिशनाचें कायमचें ठाणें झालें. तेथें कांहीं काळ राहिलेल्या एबेनेझर बर्जेस यांची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. शाळांतील मुलांसाठीं मराठींत खगोलावर एक पुस्तक असावें या हेतूनें त्यांनीं आपल्या ज्योतिषाचा अभ्यास आरंभिला, आणि त्या नादांत ते ‘सूर्यसिद्धान्ता’पर्यंत जाऊन पोहोंचले. त्यांनीं केलेलें या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर १८६० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. येथें शिकवावयास आलेला मनुष्य शिकून गेला, तो असा. साताऱ्यास पुढें पुष्कळ वर्षें राहिलेल्या हेन्री ब्रूस यांनीं तेथें छापखाना घालून मराठी पत्रकें व पुस्तकें छापलीं.

परंतु छापखाना, शाळा आणि बाजारांतील व्याख्यानें एवढ्यानें मंडळी वाढत नव्हती. वेशीजवळ किंवा आठवड्याच्या बाजारीं उभें राहून उपदेश करावा, लोकांनीं तो कुतूहलानें ऐकावा, एखाद्या शास्त्रीबोवांनीं दोन खोंचक प्रश्न विचारावे, आणि दिवस मावळतांच ज्यानें त्यानें आपल्या घरीं जावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. मुंबईंत १८३१ सालीं मोरभट दांडेकरांनीं आणि १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचाऱ्यांनीं मिशनऱ्यांशीं उघड वाद घातले. घाटावर असे गाजलेले वाद कमीच झाले. पण मुकाट्याची उपेक्षा ही वादाहून अधिक कठीण असते.

मग मंडळींत आलें तरी कोण? ब्राह्मणांपैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गृहस्थ आले. बहुतेक माणसें महार व मांग या जातींचीं होतीं. ‘पोटासाठीं बाटले’ असा शेरा मारून आपल्या वाडवडिलांनीं हा विषय संपविला. परंतु ज्या माणसास गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, देवळाच्या पायरीशीं उभें राहण्याची सोय नव्हती, आणि ज्याच्या मुलास पंतोजी शाळेंत घेत नव्हता, त्यास एका परक्या माणसानें ‘आंत ये, बैस’ असें म्हटलें. तेव्हां तो आंत गेला, यांत आश्चर्य तें काय? त्यास हांक मारण्याचा पहिला हक्क आपला होता. तो आपण बजाविला नाहीं, हें सत्य या हकीकतींतून वगळतां येणार नाहीं. त्याचेंच दुसरें अंग असें कीं, आंत आलेल्या माणसास गांवांत बलुतें उरलें नाहीं, आणि नातलगहि दुरावले. तेव्हां त्यानें पोट कोठें भरावें? मिशनानें कोणास उपदेशक केलें, कोणास शाळामास्तर, कोणास शिपाई. पगार अर्थात् बोस्टनहून येणाऱ्या पैशांतून होऊं लागला. अशा रीतीनें मंडळी जन्मतःच आश्रित झाली.

ही दुर्बलता सर्वांआधीं ओळखणारा मनुष्य बोस्टनच्याच कचेरींतला होता. संस्थेचे मुख्य चिटणीस रूफस अँडरसन हे ऑगस्टस थॉम्प्सन या सहकाऱ्यासह १८५४ च्या अखेरीस समुद्रपार करून आपल्या येथील मंडळ्या डोळ्यांनीं पाहण्यासाठीं आले. मिशनऱ्यांच्या बंगल्याभोंवतीं पगारी नोकरांचा एक मेळा जमावा, आणि साहेब आजारी पडला किंवा स्वदेशीं गेला कीं सारें ओस पडावें, ही स्थिति अँडरसन यांस मान्य नव्हती. मंडळीनें आपला कारभार स्वतः पाहावा, आपला खर्च स्वतः उचलावा आणि आपला प्रसारहि स्वतः करावा. मिशनऱ्यानें काम मार्गीं लावून पुढच्या मुलुखांत निघून जावें, असें त्यांचें मत होतें. याच भेटींत अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघां महाराष्ट्रीय गृहस्थांस त्यांच्या समक्ष मंडळीचे पाळक नेमण्यांत आलें. दोघेहि जन्मानें ब्राह्मण होते.

तत्त्व उत्तम, परंतु त्याची अंमलबजावणी करतांना अँडरसन यांनीं शाळांवर कात्री चालविली. इंग्रजी शाळा हें मिशनाचें काम नव्हे. शिक्षण द्यावयाचें तें देशी भाषेंत, आणि तेंहि मुख्यत्वें मंडळीच्या उपयोगापुरतें, असा त्यांचा कटाक्ष होता. या धोरणाशीं कोल्हापुरास १८५२ पासून काम करीत असलेले रॉयल वाइल्डर यांचें बिलकुल पटलें नाहीं. लोकांच्या घरांत शिरण्याचा मार्ग शाळेंतूनच जातो असा त्यांचा अनुभव होता. वाद विकोपास गेला. वाइल्डर यांचा बोस्टनच्या संस्थेशीं संबंध तुटला, त्यांनीं १८६१ पासून कोल्हापुरास स्वतंत्रपणें काम चालविलें, आणि अखेर १८७० सालीं तें काम अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन पंथाच्या मिशनाकडे सोंपविलें. सातारा-वाईकडील मंडळी एका मिशनाची आणि कोल्हापूर-सांगली-मिरजेकडील दुसऱ्या मिशनाची, अशी जी वांटणी झाली तिचें मूळ या भांडणांत आहे. एकाच नदीच्या कांठीं दोन बिऱ्हाडें झालीं, आणि तींहि तिऱ्हाइतांच्या भांडणामुळें!

वाइल्डर यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें याचा पुरावा मात्र मंडळीच्या बाहेर सांपडतो. याच अमेरिकन मिशनाची अहमदनगर येथील मुलींची शाळा सिंथिया फरार या बाई चालवीत. ती पाहून आल्यावर ज्योतिराव फुले यांस पुण्यास मुलींची शाळा काढण्याची स्फूर्ति झाली, आणि १८४८ सालीं ती निघाली. ज्योतिरावांचें मूळ गांव कटगुण आणि सावित्रीबाईंचें माहेर नायगांव, हीं दोन्हीं सातारा जिल्ह्यांतलीं. त्या दोघांनीं धर्म बदलला नाहीं. परक्यांच्या समईवर त्यांनीं आपली पणती लावून घेतली आणि तींत तेल मात्र स्वतःचें घातलें.

१८७६ ते १८७८ आणि पुन्हां १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मंडळीची संख्या वाढली आणि दुर्बलताहि वाढली. अनाथ मुलांनीं मिशनांचीं वसतिगृहें भरून गेलीं. त्यांना जगविणें हें पुण्यकर्म होतें यांत शंका नाहीं. परंतु त्या मुलांना पुढें उद्योग काय द्यावयाचा ही चिंता उरलीच. सांगलीच्या मिशन-शाळेंत पुढें सुतारकाम, लोहारकाम व शेतकी यांचें शिक्षण देण्यावर भर पडला, त्याचें कारण हेंच. हातांत कसब असलेला मनुष्य साहेबाच्या बंगल्याकडे तोंड करून बसत नाहीं, हें मिशनऱ्यांस अनुभवानें कळलें होतें.

याच सांगलीस १८८९ सालीं एक तरुण डॉक्टर आपल्या पत्नीसह येऊन उतरला. त्याचें नांव विल्यम जेम्स वानलेस. जन्म कॅनडांतला, वैद्यकीचें शिक्षण न्यूयॉर्कचें, आणि वय अवघें चोवीस वर्षांचें. सांगलीस एका लहानशा दवाखान्यापासून आरंभ करून तो लौकरच मिरजेस गेला. मिरज हें त्या सुमारास आगगाडीचें जंक्शन झालें होतें. पुण्याकडून, कोल्हापुराकडून व कर्नाटकांतून रोगी एकाच ठिकाणीं येऊं शकत. १८९४ सालीं तेथें इस्पितळाची इमारत उभी राहिली. इमारतीचा पैसा अमेरिकेचा होता; परंतु ऐपतदार रोग्यांकडून फी घ्यावी, गरिबांस फुकट औषध द्यावें, आणि इस्पितळाचा चालू खर्च होईल तितका येथल्या येथेंच भागवावा, असें वानलेस यांचें धोरण होतें. शिवाय देशी तरुणांस वैद्यकी शिकविण्याची सोय त्यांनीं केली. कोल्हापूरचे शाहू महाराज त्यांचे स्नेही होते. महारोग्यांसाठीं आश्रम झाला, क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम झालें, आणि सांगली-मिरजेच्या मध्यें त्या जागेस वानलेसवाडी हें नांव पडलें तें कायमचें. १९२८ सालीं ‘सर’ ही पदवी घेऊन ते निवृत्त झाले, व १९३३ सालीं अमेरिकेंत वारले.

वानलेस यांच्या इस्पितळांत आलेल्या रोग्यांपैकीं ख्रिस्ती किती झाले हा हिशेब मांडला तर तो मिशनाच्या दृष्टीनें निराशेचाच निघेल. लोक आले, बरे झाले, आणि आपापल्या देवास नवस फेडून घरीं गेले. परंतु मिरज हें वैद्यकीचें गांव झालें तें कायमचें. १९६२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेथें निघालें, त्याची भूमि या इस्पितळानेंच तयार केली होती. वाईसारख्या वेदशास्त्रसंपन्न क्षेत्रींहि डॉ. लेस्टर बील्स व डॉ. रोझ फेअरबँक बील्स या दांपत्यानें चालविलेल्या मिशन-इस्पितळाची अशीच कीर्ति होती. घाटावर संध्यावंदन करणारे भिक्षुकहि दुखण्यांत त्याची पायरी चढत. जें लोकांच्या गरजेंतून उभें राहिलें आणि लोकांनीं ज्याचा भार थोडाबहुत उचलला, तें टिकलें.

मंडळीच्या बाबतींत हेंच करून पाहण्याचा सर्वांत मोठा यत्न साताऱ्यास झाला, आणि तो केला एका कोंकणस्थ ब्राह्मणानें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव आमच्या वाचकांस सांगावयास नको. करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले हे कवि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं सुमारें पांच वर्षें जें दुःख गिळलें, आणि नंतर स्वतःच्या विचारानें जो निर्णय घेतला, तें सर्व ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. टिळकांनीं मिशनाची चाकरी वीस वर्षांवर केली, आणि मिशनऱ्यांशीं त्यांचा स्नेहहि होता. परंतु विलायती चालीवर गाणारी, विलायती पद्धतीनें बसणारी व विलायतेच्या पैशावर जगणारी मंडळी महाराष्ट्राच्या मातींत रुजणार नाहीं, ही खंत त्यांस जाळीत होती. त्यांनीं ख्रिस्ताचे अभंग रचले, भजनें व कीर्तनें मंडळींत आणलीं. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोंचलों ते तुकोबांच्या वाटेनें, असें ते मोकळेपणीं सांगत.

अखेर १९१७ सालीं त्यांनीं मिशनाची नोकरी व तिचा पगार दोन्ही सोडलीं, आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. वय छप्पन्न, प्रकृति खालावलेली, आणि संसार पाठीशीं. या दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक यावेत, सर्वांनीं भावंडांप्रमाणें राहावें, आणि कोणत्याहि परदेशी संस्थेकडे हात पसरूं नये, अशी त्यांची कल्पना होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीं अँडरसन यांनीं जी गोष्ट कागदावर मांडली ती टिळकांनीं स्वतःच्या चुलीवर करून पाहिली. दुर्दैवानें दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यांत, मुंबईस त्यांचा अंत झाला, आणि दरबार त्यांच्यामागें फार दिवस टिकला नाहीं. परंतु त्यांचीं भजनें टिकलीं. मराठी ख्रिस्ती घरांतून तीं पुढेंहि गाइलीं जात राहिलीं. परदेशांतून आलेल्या पैशाचा हिशेब संपला. या माणसानें पदरचें जें दिलें तें मंडळीचें वंशपरंपरेचें धन झालें.

टिळकांचें काम मिशनऱ्यांपैकीं जाणत्यांस कळलें होतें. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यानें १९२३ सालीं त्यांचें चरित्र लिहिलें. अमेरिकन मराठी मिशनांतले जस्टिन ॲबट यांनीं तर निवृत्त होऊन अमेरिकेंत गेल्यावर उतारवयाचीं वर्षें महिपतींचीं संतचरित्रें इंग्रजींत आणण्यांत घालविलीं. समर्थ रामदासांचें त्यांनीं केलेलें चरित्र १९३२ सालीं प्रसिद्ध झालें. साताऱ्यास ख्रिस्ताचा संदेश पोहोंचविण्यास ज्या मिशनानें माणसें पाठविलीं, त्याच मिशनाच्या एका वृद्ध सेवकानें सज्जनगडचा संदेश समुद्रापलीकडे नेला!

टिळक वारले त्याच १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले या गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ सालीं साताऱ्यास तिचें वसतिगृह निघालें. सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसूं लागलीं, आणि स्वतः श्रम करून शिकूं लागलीं. ज्या माणसांस मिशनऱ्यानें ‘आंत ये’ म्हटलें होतें त्यांस आतां घरचाच मनुष्य हांक मारूं लागला, आणि त्यासाठीं कोणास धर्म सोडावा लागला नाहीं. ही हांक शंभर वर्षें आधीं गेली असती तर कृष्णाकांठच्या इतिहासाचीं कांहीं पानें निराळीं लिहिलीं गेलीं असतीं.

भांडणामुळें झालेलीं दोन बिऱ्हाडेंहि कालांतरानें जवळ आलीं. १९२४ सालीं दोन्ही पंथांनीं मिळून उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी केली, आणि ती १९७० सालीं नागपूर येथें स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्यें सामील झाली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी एकामागून एक निघून गेले, बाहेरचा पैसा आटला, आणि देवालयाचें छप्पर, पाळकाचा पगार, शाळेचा खर्च हे सारे प्रश्न येथल्याच माणसांच्या अंगावर पडले. अँडरसन जें सांगून गेले तें अशा रीतीनें काळानेंच करून घेतलें.

यांतून आपण काय घ्यावें? आपल्याहि पाठशाळा, वाचनालयें, वसतिगृहें आणि देवस्थानें कोणा तरी दात्याच्या एका मोठ्या देणगीवर उभीं राहतात. पहिल्या पिढीस दात्याचें नांव ठाऊक असतें, दुसऱ्या पिढीस व्याजाचा आंकडा ठाऊक असतो, आणि तिसऱ्या पिढीस कुलुपाची किल्ली कोठें आहे हेंहि ठाऊक नसतें. कृष्णाकांठच्या मिशनऱ्यांपैकीं ज्यांनीं केवळ आपल्या पदरीं माणसें बाळगलीं त्यांचीं नांवें जुन्या अहवालांत राहिलीं. ज्यांनीं माणसांस आपल्या पायांवर उभें केलें त्यांचीं नांवें गांवांस व वाड्यांस मिळालीं. धर्म ज्याचा त्यास लखलाभ असो. परंतु आपल्या घराजवळच्या ज्या संस्थेविषयीं आपण अभिमानानें बोलतों तिच्या समईंत या महिन्यांत आपल्या घरून किती तेल गेलें, हा प्रश्न घरांतल्या थोरांनीं आणि लहानांनीं एकदां एकत्र बसून विचारण्यासारखा आहे.